घरावर कर्ज असताना आप्तांना भेट कशी द्यावी

घरात कर्ज फेडण्याचे दिवस चालू असले आणि जवळच्या माणसाचा वाढदिवस किंवा लग्न तोंडावर आले, की आपण बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘वर्षातून एकदाच तर द्यायचे असते’ असे म्हणून कार्ड पुढे करतो, नाही तर रिकाम्या हाताने जायचे कसे या संकोचापायी जाणेच टाळतो. पहिल्याने कर्ज वाढते आणि दुसऱ्याने माणसे दुरावतात. आमच्या घरात कर्जफेडीची काही वर्षे गेली, तेव्हा मी हे दोन्ही करून पाहिले आहे. त्यात सर्वांत जास्त काय बोचत होते हे मला उशिरा कळले. कमी किमतीच्या भेटीबद्दल कोणी नाराज झाले नव्हते, पण मी न जाता राहिलो तो दिवस मात्र अनेकांनी बोलून दाखवला. पुढे जे लिहिले आहे ते अशा घरांसाठी आहे, जिथे हप्ते वेळेवर जात आहेत किंवा ते वेळेवर जावेत अशी धडपड आहे, आणि तरीही आपल्या माणसांना हाताने काहीतरी द्यावे असे मनापासून वाटते.

आधी भेटीची खरी किंमत काढा

ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण तो आकडा कागदावर मांडल्याशिवाय मनावर ठसत नाही. समजा तुमच्या क्रेडिट कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज लागते आणि तुम्ही १०० च्या किमतीची वस्तू त्यावर घेतली. ती रक्कम तशीच थकीत राहिली, तर १२ महिन्यांनी ती सुमारे १४२.६ होते आणि २४ महिन्यांनी २०३ च्या वर जाते. म्हणजे ज्या माणसाला तुम्ही एक वस्तू दिली, तिच्यासाठी तुम्ही दोन वस्तूंचे पैसे मोजले. हे तोंडी काढायचे असेल तर ७२ ला महिन्याच्या व्याजदराने भागावे. जे उत्तर येते, साधारण तितक्या महिन्यांत रक्कम दुप्पट होते. शिवाय बहुतेक कार्डांच्या बाबतीत मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. ही अट पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून आपल्या कार्डाच्या नियमांत ती एकदा वाचून घ्यावी. ‘बिनव्याजी हप्त्यांवर’ घेतलेल्या वस्तूलाही प्रक्रिया शुल्क लागू शकते, आणि मुख्य म्हणजे आधीच ताणलेल्या महिन्यात आणखी एक हप्ता येऊन बसतो.

रोखीने घेतलेली भेटही फुकट नसते, कारण तो पैसा कर्जाकडे जाऊ शकला असता. हेही एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. कर्ज १०० आहे, दरमहा व्याज १ टक्का आहे आणि तुम्ही दरमहा ५ भरता, असे धरू. हे कर्ज साधारण साडेबावीस महिन्यांत फिटते. त्या ५ मधून दरमहा दहावा भाग भेटींसाठी काढला आणि कर्जात ४.५ भरले, तर सुमारे सव्वापंचवीस महिने लागतात, म्हणजे जवळजवळ तीन महिने जास्त. व्याज दरमहा ३ टक्के असेल, तर हीच दहाव्या भागाची उचल ३१ महिन्यांचे कर्ज ३७ महिन्यांवर नेते. यावरून मी माझ्यापुरता नियम ठरवला तो असा : महाग व्याजाचे कर्ज डोक्यावर असताना भेटींसाठी परतफेडीच्या रकमेच्या विसाव्या भागापेक्षा जास्त काढू नये, आणि ते कर्ज फिटून फक्त स्वस्त व्याजाचे उरले की हात थोडा सैल सोडावा. तुमचा भाग वेगळा असू शकेल, पण तो दुकानात उभे राहून ठरवण्याऐवजी घरी वही घेऊन ठरवावा.

वर्षाचा आकडा आणि वर्षाची यादी

एका पानावर पुढच्या बारा महिन्यांत येणारे सर्व प्रसंग महिन्यावार लिहावेत : वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, ठरलेली लग्ने, सणवार, घरात येऊ घातलेले बाळ, कोणाची निवृत्ती. प्रत्येक प्रसंगापुढे माणसाचे नाव लिहावे आणि मागच्या वर्षी त्या व्यक्तीला काय दिले होते, ते आठवत असल्यास तेही लिहावे. यादी पूर्ण झाली की पहिल्यांदा धक्का बसतो, कारण एकेक प्रसंग किरकोळ वाटत असला तरी एकत्र पाहताना ती संख्या मोठी असते. हा धक्का वर्षाच्या सुरुवातीला बसलेला बरा.

नंतर वर एकूण रक्कम लिहावी आणि तिला बाराने भागून दरमहा तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात टाकावेत. या रकमेतच वेष्टनाचा कागद, टपालखर्च, छपाई आणि जाण्यायेण्याचे भाडे धरावे, कारण भेट स्वस्तात पडली आणि तिच्या भोवतीचा खर्चच जड झाला, असे फार वेळा होते. पाकीट रिकामे झाले की त्या महिन्यात विकत काही आणायचे नाही. जे करायचे ते हाताने आणि वेळेने करायचे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना या कामासाठी कधीही हात लावू नये. आजारपण किंवा कामावर गदा येण्याची वेळ प्रसंग पाहून येत नाही, आणि तेव्हा तो पैसा नसेल तर पुन्हा कर्जच काढावे लागते.

घर मोठे असेल तर यादी कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. आठ जणांच्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची म्हटले, तर एकूण ५६ भेटी होतात. बारा जण असतील तर १३२. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला एकच नाव आले, तर आठ जणांत आठच भेटी लागतात आणि प्रत्येक भेटीकडे नीट लक्ष देता येते. यात एक नेहमीची अडचण येते. सगळ्यांनी वाडग्यातून एकेक चिठ्ठी उचलली, तर कोणाला तरी स्वतःचेच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते, आणि मग पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. त्यापेक्षा घरातील एका विश्वासू माणसाने सर्व नावांच्या चिठ्ठ्या नीट मिसळून एका ओळीत लावाव्यात. प्रत्येकाने आपल्यापुढच्या नावाला भेट द्यायची आणि शेवटच्याने पहिल्याला. अशा साखळीत कोणाला स्वतःचे नाव येऊच शकत नाही. नवरा-बायको एकमेकांना तसेही काही देणारच असतील, तर ती दोन नावे शेजारीशेजारी येऊ नयेत म्हणून ओळ एकदा तपासून घ्यावी आणि मग ज्याचे त्याला गुपचूप कळवावे.

बोलणे : हा भाग टाळू नका

चिठ्ठ्या असोत किंवा खर्चाची मर्यादा असो, ती आयत्या वेळी जाहीर केली तर लोकांनी खरेदी आधीच केलेली असते आणि मग दोन्हीकडून संकोच होतो. म्हणून मोठ्या प्रसंगाच्या किमान दोन महिने आधी हा विषय काढावा. सुरुवात अशा माणसापासून करावी ज्याच्याशी आपले मोकळे आहे, मग ती बहीण असेल, वहिनी असेल किंवा चुलतभाऊ असेल. तिचा होकार मिळाला की बाकीच्यांशी बोलणे सोपे जाते, आणि बरेचदा असे कळते की तिच्याही घरात हीच ओढाताण चालू आहे, फक्त आधी बोलायचे कोणी हा प्रश्न होता.

किती कर्ज आहे, कशामुळे झाले, हे सांगण्याची काहीही गरज नाही. मी जे वाक्य वापरले ते असे होते : “यंदा आम्ही घरचे देणे संपवायचे ठरवले आहे, म्हणून या वर्षी विकतच्या भेटी कमी करणार आहोत. तुम्हीही आमच्यासाठी काही विकत आणू नका. तुम्ही आलात की आम्हाला पोचले.” यात तक्रार नाही, माफीही नाही, आणि समोरच्यालाही एका ओझ्यातून मोकळे केले आहे. वडीलधाऱ्या माणसांशी हे फोनवर न बोलता समोर बसून बोलावे. आत्या, काका, सासूबाई यांच्यापैकी कोणी म्हणतील, “अरे, तुम्ही नका देऊ, पण आम्हाला देऊ द्या.” अशा वेळी वाद घालू नये. त्यांचे देणे आनंदाने घ्यावे. बरोबरीची परतफेड करण्याची स्पर्धा आपण आपल्या बाजूने थांबवली, एवढे पुरे असते.

मुलांना मात्र थोडे अधिक स्पष्ट सांगावे लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘पैसे नाहीत’ असे सांगितले तर ते घाबरते. ‘या वर्षी आपण पैसे एका कामासाठी साठवतो आहोत, म्हणून मावशीसाठी तू आणि मी मिळून काहीतरी करू या’ असे सांगितले तर ते उत्साहाने कामाला लागते. मोठ्या मुलांना चिठ्ठ्यांच्या साखळीत धरावे आणि त्यांच्या भेटीचा आकडा त्यांनाच सांभाळू द्यावा.

कोणाला काय हवे, हे कसे ओळखायचे

जोएल वाल्डफोगेल या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारले होते की, मिळालेल्या भेटींची भावनिक किंमत वगळून त्यांना स्वतःला त्या वस्तू कितीच्या वाटतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे मोल बाजारभावापेक्षा दहा टक्के ते एक तृतीयांश इतके कमी भरले, आणि ही घट जवळच्या मित्रांच्या भेटींत कमी, तर दूरच्या नातलगांच्या भेटींत जास्त होती. मला या निष्कर्षातले दोन धागे फार कामाचे वाटतात. माणूस जितका ठाऊक असेल, तितकी भेट वाया जात नाही. आणि अभ्यासात जी भावनिक किंमत मुद्दाम बाहेर ठेवली होती, तिथेच कमी पैशांच्या भेटीला जागा आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतही असेच दिसले की, महाग भेट जास्त आवडेल असे देणाऱ्याला वाटते, पण घेणाऱ्याच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळत नाही. जास्त खर्चाचा धाक बरेचदा आपल्याच मनातला असतो.

म्हणून वहीत प्रत्येक माणसासाठी अर्धे पान ठेवावे आणि वर्षभर कानावर पडलेल्या गोष्टी त्यावर टिपून ठेवाव्यात. “या चष्म्याची पेटी कुठे ठेवते तेच आठवत नाही,” “बाबांचा आवाज कुठे जपून ठेवलाच नाही रे आपण,” “या खुर्चीवर बसले की ती डुगडुगते,” अशी वाक्ये माणसे सहज बोलून जातात. विचारले तर तेच लोक ‘मला काही नको’ म्हणतात. चार महिन्यांपूर्वी सहज बोललेली गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवली, हे समजते तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठी फारसा खर्च लागत नाही.

पत्र

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाची भेट म्हणजे हाताने लिहिलेले पत्र. अनेक जण यापासून मागे हटतात, कारण आपल्याला चांगले लिहिता येत नाही आणि समोरच्याला अवघडल्यासारखे होईल असे त्यांना वाटते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमके हेच तपासले. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली आणि दोन्ही बाजूंना प्रश्न विचारले. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला होणारा आनंद कमी धरला होता आणि अवघडलेपणा जास्त. शब्द नीट जुळतील का, ही चिंता लिहिणाऱ्याला असते. वाचणारा त्यातली आपुलकी पाहतो.

पत्र एका घटनेवर लिहावे. ‘तू माझ्यासाठी खूप केलेस’ हे वाक्य खरे असले तरी ते कोणालाही लिहिता येते. त्याऐवजी एक दिवस निवडावा : परीक्षेच्या आदल्या रात्री काका दिवा घेऊन शेजारी बसले होते तो, किंवा पहिला पगार हरवला तेव्हा ताई एक शब्दही न बोलता सोबत चालत राहिली तो. तो दिवस जसा घडला तसा लिहावा, त्या वेळी सांगता आले नाही ते लिहावे आणि त्यामुळे आज आपण काय वेगळे करतो, ते लिहून थांबावे. एक-दीड पान पुरे होते. आधी कच्च्या कागदावर लिहून, दुसऱ्या दिवशी वाचून, मग चांगल्या कागदावर उतरवावे. शक्य असेल तर ते स्वतः नेऊन द्यावे.

आठवणींची शिवलेली वही

घरातल्या थोरांसाठी, किंवा थोरांकडून सगळ्या घरासाठी, करता येण्यासारखी ही भेट आहे. तिला महिनाभर वेळ लागतो, म्हणून तिचे सविस्तर सांगतो.

सुरुवात बोलते करण्यापासून होते. आजी किंवा आजोबा ज्या वेळी निवांत असतात ती वेळ निवडावी, पंखा आणि टीव्ही बंद करावा, फोन विमान-मोडवर टाकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा, आणि एक मिनिट ध्वनिमुद्रण करून ते ऐकून पाहावे. एका बैठकीला पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नये, कारण माणूस थकला की उत्तरे लहान होतात. ‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ असे विचारले तर बहुतेकांना सुचत नाही. ‘सकाळी जाग यायची तेव्हा घरात पहिला आवाज कशाचा असायचा?’, ‘तुम्हाला घरात सर्वांत जास्त कोण रागवायचे, आणि कशावरून?’, ‘पहिल्यांदा एकट्याने प्रवास केलात तो कुठला?’ असे प्रश्न विचारले की एका उत्तरातून तीन गोष्टी निघतात. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. त्या शांततेनंतरच बरेचदा खरी गोष्ट येते. एखादा विषय नको असेल तर तो तिथेच सोडावा. ध्वनिमुद्रण त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावे.

नंतर ऐकून निवडक भाग त्यांच्याच बोलीत उतरवावा. त्यांचे शब्द प्रमाण भाषेत आणण्याचा मोह आवरावा. वहीसाठी ए-फोर आकाराचे आठ कागद मधोमध दुमडले की ३२ पाने मिळतात. दुमड धारदार हवी, म्हणून चमच्याची पाठ तीवरून दाबून फिरवावी आणि सगळे कागद एकात एक बसवावेत. बाहेरून जाड कागदाचे आवरण घालावे. आता दुमडीवर आतून पेन्सिलीने तीन खुणा करायच्या : एक बरोबर मध्यावर, म्हणजे साडेदहा सेंटिमीटरवर, आणि दोन वरच्या व खालच्या कडेपासून प्रत्येकी तीन सेंटिमीटर आत. घडी केलेला टॉवेल खाली घेऊन जाड सुईने किंवा दाभणाने तिन्ही ठिकाणी आतून बाहेर भोके पाडावीत.

जाड सुती दोरा साधारण ६० सेंटिमीटर घ्यावा आणि मेणबत्तीवर दोनदा घासावा, म्हणजे तो गुंतत नाही. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी आणि आत बोटभर शेपटी ठेवावी. बाहेरून वरच्या भोकात आत यावे. मग आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर जावे. आणि शेवटी बाहेरून मधल्या भोकात परत आत यावे. आता आत मधल्या लांब टाक्याच्या एका बाजूला शेपटी आणि दुसऱ्या बाजूला सुईचा दोरा आला पाहिजे. नसेल तर सुई त्या टाक्याखालून घालून घ्यावी. दोरा ओढायचा तो दुमडीच्या दिशेने, कारण पानांच्या काटकोनात ओढला की भोक फाटते. टाका घट्ट बसला की त्या लांब टाक्यावरून दोन गाठी मारून टोके बोटभर ठेवून कापावीत. आतली पाने कडेला जराशी बाहेर आलेली दिसतील. धातूची पट्टी आणि धारदार पाते घेऊन ती सारखी करावीत.

हाताने लिहिणार असाल तर आधी वही शिवावी आणि मग लिहावे, म्हणजे पानांच्या क्रमाचा घोळ होत नाही. छापून घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवावे की ३२ पानांच्या अशा वहीत कागदाच्या एका बाजूवर शेजारीशेजारी येणाऱ्या पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी ३३ येते : १ च्या शेजारी ३२, २ च्या शेजारी ३१. शेवटची दोन-तीन पाने कोरी सोडावीत. घरातले कोणी ना कोणी त्यावर भर घालते.

जुनी छायाचित्रे, दुरुस्ती आणि वेळ

कपाटात पडलेल्या जुन्या छायाचित्राची नवी प्रत काढून देणे सोपे आहे. खिडकीजवळ थेट ऊन नसलेल्या उजेडात छायाचित्र सपाट ठेवावे, फ्लॅश बंद करावा आणि फोन अगदी समांतर धरावा. दहा गुणिले पंधरा सेंटिमीटरची प्रत सुबक यायला १२०० गुणिले १८०० बिंदूंचे (पिक्सेलचे) चित्र लागते, आणि आजचे बहुतेक फोन ते सहज देतात. जुन्या अल्बमला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. तसेच ठेवून त्यावरूनच प्रत घ्यावी. प्रतीसोबत एका चिठ्ठीवर त्यातील माणसांची नावे, नाते आणि अंदाजे वर्ष लिहून द्यावे. मूळ छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये, त्याचा उठाव पुढे दिसतो आणि शाई दुसऱ्या चित्रावर उतरते.

दुरुस्ती ही भेट म्हणून फारशी कोणाला सुचत नाही, हे मला नेहमी आश्चर्याचे वाटते. डुगडुगणारी खुर्ची, उसवलेली पिशवी, चेन अडकणारे जाकीट, बंद पडलेले घड्याळ, बोथट झालेल्या सुऱ्या : ज्या वस्तूकडे पाहून माणूस रोज ‘एकदा बघायला हवे’ म्हणतो, ती एके दिवशी नीट होऊन परत येते, यासारखे सुख थोडे. न विचारता मात्र कोणाच्या वस्तूला हात लावू नये, आणि आपल्याला जे खात्रीने येते तेवढेच अंगावर घ्यावे.

वेळ द्यायचा असेल तर तो तारखेसह द्यावा. ‘कधीही हाक मार, मुलांना सांभाळेन’ असे कूपन कोणी वापरत नाही, कारण हाक मारायची भीड वाटते. ‘पुढच्या तीन महिन्यांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते बारा मी बाळाजवळ थांबेन’ असे लिहून दिले, तर ते घडते. आजोबांची औषधे आणि कागदपत्रे एका फायलीत लावून देणे, काकूंना फोनवरून बिले भरायला चार बैठकांत शिकवणे, भाचीला एका विषयाचा सराव करून घेणे, हेही याच जातीचे आहे. शिकवण्याच्या भेटीत मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिलेला एक कागद मागे ठेवावा. कुंडीतल्या मनीप्लांटचे पेर असलेले तुकडे पाण्यात ठेवून काही आठवड्यांत मुळे धरलेले रोप देणेही छान असते. तुकड्याला किमान एक पेर हवे, नुसत्या पानाला वेल फुटत नाही.

कुठे चुकते

सर्वांत मोठी चूक म्हणजे हाताने करायचे म्हणून साहित्याची खरेदी करत सुटणे. रंग, कात्री, चिकटपट्ट्या, खास कागद असे घेत गेले की ती भेट विकतच्यापेक्षा महाग पडते. आधी घरात काय आहे ते पाहावे आणि नवे साहित्य घ्यायचेच तर एकाच प्रकारचे घेऊन त्यातून दोन-तीन माणसांसाठी काम उरकावे. दुसरे, सगळ्यांसाठी सगळे हाताने करायला जाऊ नये. महिन्याला एक मोठे काम झेपते. उरलेल्यांना पत्र द्यावे. स्वतः वापरलेली वस्तू द्यायची असेल तर ती वापरलेली आहे हे सांगून द्यावी आणि तीच का निवडली, तेही सांगावे. लपवून दिली आणि पुढे कळले, तर मन खट्टू होते. आणि ज्या घरात जागा कमी आहे, तिथे सांभाळावी लागेल अशी शोभेची वस्तू देऊ नये, ती कितीही मन लावून केलेली असली तरी.

देताना

वेष्टनासाठी जुनी वर्तमानपत्रे, नकाशे किंवा कापडाचा तुकडा चालतो. गाठ नीट असावी आणि नाव स्वच्छ अक्षरात असावे. देताना ‘फार काही नाही हं’ असे म्हणू नये. मी हे वाक्य अनेक वर्षे म्हणत आलो, आणि त्याने समोरचा माणूस वस्तू पाहायच्या आधी माझी समजूत घालायला लागायचा. त्याऐवजी ती कशी सुचली ते एका वाक्यात सांगावे : “तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, बाबांचे अक्षर आता कुठे पाहायला मिळत नाही, म्हणून त्यांची जुनी पत्रे शोधून त्यांच्या प्रती काढल्या.” चारचौघांत पाकिटे उघडण्याची पद्धत असेल आणि तिथे तुलना होईल असे वाटत असेल, तर पत्र किंवा वही आदल्या दिवशी किंवा सगळे गेल्यावर निवांत द्यावी.

त्याच प्रसंगी तुम्हाला एखादी महाग भेट मिळाली, तर तिच्या किमतीची परतफेड करण्यासाठी पुढच्या महिन्याचा हप्ता मोडू नये. आठवड्याच्या आत दोन ओळींचे आभाराचे पत्र लिहावे आणि ती वस्तू कशी वापरली जाते आहे, हे त्यात कळवावे. घरी परतल्यावर वहीतल्या त्या माणसाच्या अर्ध्या पानावर तारीख, काय दिले, प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि ते पाहून त्यांनी पहिला शब्द काय उच्चारला, एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी यादी करायला बसाल, तेव्हा हेच पान सर्वांत आधी उघडावे.